पत्र पोहोचवणारा पत्र वाचू लागला, तर?

१८४४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या एका इटालियन निर्वासिताला आपल्या पत्रांविषयी शंका येऊ लागली. पाकिटे येत, लाखेची मोहोरही जागेवर दिसे. पण आपल्या आधी कुणीतरी ती उघडून वाचत असावे असे त्याला वाटू लागले. खात्री करून घेण्यासाठी त्याने मित्रांना पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण घालून पत्रे टाकायला सांगितले. पत्रे आली, दाणे आले नाहीत. हा निर्वासित म्हणजे जोसेफ मॅझिनी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मराठी वाचकाला हे नाव परिचयाचे आहे.

प्रकरण पार्लमेंटात गेले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी वॉरंट काढून ही पत्रे उघडायला लावली होती, असे निष्पन्न झाले. त्याच्या चारच वर्षे आधी, १८४० साली, ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली होती आणि सामान्य माणूस नुकता कुठे पत्रे लिहू लागला होता. त्यामुळे संताप केवळ मॅझिनीच्या मित्रांपुरता राहिला नाही. थॉमस कार्लाइलसारख्या नामवंत लेखकाने ‘टाइम्स’ला पत्र लिहून या प्रकाराचा निषेध केला. चौकशी समित्या बसल्या. टपाल खात्यात वर्षानुवर्षे चालत आलेले गुप्त कार्यालय आणि सांकेतिक लिपी उलगडणारी शाखा बंद करावी लागली. वॉरंटचा अधिकार मात्र सरकारने सोडला नाही.

आम्ही या जुन्या प्रकरणापासून सुरुवात केली, कारण त्यातून एक साधा नियम लोकांच्या मनात रुजला. पत्र पोहोचवणाऱ्याचे काम पत्र पोहोचवणे, एवढेच. त्याच्या हातातून ते जाते म्हणून ते त्याचे होत नाही. इंटरनेटच्या काळात हा नियम कसा मोडला गेला, कुणी मोडला, कुणी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्याचा आपल्या समाजाशी काय संबंध आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

सरकारचा डोळा, व्यापाऱ्याचा डोळा

दुसऱ्याचा संदेश वाचण्याचा मोह मुख्यत्वे राजसत्तेला होतो, असा आपला समज असतो आणि तो खोटा नाही. आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याने आणि १८९८ च्या टपाल कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला. देवबंदच्या इतिहासात ‘रेशमी रुमाल’ म्हणून प्रसिद्ध असलेले प्रकरण याच काळातले. १९१६ साली मौलाना उबैदुल्लाह सिंधी यांनी काबूलहून रेशमी कापडावर लिहून पाठवलेली पत्रे इंग्रजांच्या हाती लागली. ती सरकारी टपालातून पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. विश्वासू माणसाकरवी पाठवली होती, तरीही सापडली. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचायची होती ते शेखुल हिंद मौलाना महमूद हसन हिजाजमध्ये पकडले गेले आणि १९२० पर्यंत माल्टा बेटावर कैदेत राहिले. पत्र दुसऱ्याच्या हाती पडण्याची किंमत काय असते, हे त्या पिढीला शिकवावे लागले नाही.  त्या दोन्ही कायद्यांच्या जागी म्हणून २०२३ साली नवे दूरसंचार आणि टपाल कायदे आले. संदेश अडवण्याचा अधिकार त्यांतही आहे.

पण मध्यस्थाला हा मोह केवळ राज्य राखण्यासाठी होत नाही, धंद्यासाठीही होतो. टेलिफोनच्या इतिहासात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रॉजर नावाचा अंत्यविधीचे सामान व सोय पुरवणारा व्यावसायिक होता. त्याला संशय आला, की टेलिफोन एक्स्चेंजवर बसणारी बाई आपल्याकडे येणारे फोन दुसऱ्या व्यावसायिकाकडे जोडून देते. कुणाच्या घरी मयत झाली आहे हे तिला सर्वांत आधी कळायचे आणि त्या माहितीला बाजारात किंमत होती. किस्सा कितपत खरा हे बाजूला ठेवू. स्ट्रॉजरने १८९१ साली मानवी हाताशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले, हे मात्र नोंदलेले आहे. पुढे जगभरचे स्वयंचलित टेलिफोन त्या कल्पनेवर चालले. मधल्या माणसाचे कान बंद करण्यासाठी यंत्र आणले गेले. शंभर वर्षांनी यंत्रालाच कान फुटले.

रस्त्याच्या मालकाने पाहिलेले

इंटरनेटवर आपल्यावर लक्ष ठेवणारे पुष्कळ असतात. आपण एखाद्या दुकानात गेलो तर दुकानदार आपल्याला पाहणारच. गूगलवर काही शोधले तर गूगलला कळणार, एखाद्या संकेतस्थळावर गेलो तर त्या संकेतस्थळाला कळणार. हे सुखाचे नसले तरी आपण त्या दुकानाची पायरी चढलेलो असतो. नको असेल तर दुसऱ्या दुकानात जाता येते.

इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीचे तसे नाही. ती दुकान नव्हे, रस्ता आहे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी बँक, संध्याकाळी डॉक्टर, रात्री एखाद्या आलिमांचे प्रवचन, सगळे तिच्याच तारेतून जाते. पुन्हा या रस्त्यासाठी आपण दरमहा पैसे मोजतो. फुकट मिळालेल्या सेवेची किंमत आपल्या माहितीने चुकवावी लागते, हा युक्तिवाद येथे लागूच होत नाही.

इंटरनेटवरचा मजकूर छोट्या छोट्या पुडक्यांतून जातो. प्रत्येक पुडक्यावर कुठून कुठे जायचे याचा पत्ता असतो आणि आत मजकूर असतो. पोहोचवणाऱ्याला पत्ता वाचावाच लागतो. आतले वाचायची गरज नसते. पण २००० नंतरच्या दशकात अशी यंत्रे बाजारात आली, की चालत्या वाटेवर लाखो पुडकी उघडून आत काय आहे हे क्षणात पाहू शकत. त्या वेळी बहुतेक संकेतस्थळे कुलूपबंद नव्हती. मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जात असे. जोडणी देणाऱ्या कंपन्यांच्या लक्षात आले, की जाहिरातीचा सगळा मलिदा गूगलसारखे खातात आणि आपण नुसती तार ओढतो. त्या तारेतच सोने वाहते आहे असे सांगणारा दलालही लवकरच दारात उभा राहिला.

अठरा हजार घरे

या दलालाचे नाव फॉर्म. तिचे आधीचे नाव ‘१२१मीडिया’ असे होते आणि ती लोकांच्या संगणकात जाहिराती दाखवणारी सॉफ्टवेअर घुसवीत असे. विषाणूंपासून संरक्षण देणाऱ्या कंपन्यांनी त्यांतल्या काहींची गणना हेरगिरीच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. २००७ साली तिने नाव बदलले. आता तिला एकेका संगणकात शिरण्याची गरज नव्हती. तार जिथून निघते त्या कंपनीच्या केंद्रातच तिला बसायचे होते.

१४ फेब्रुवारी २००८ रोजी तिने जाहीर केले, की ब्रिटनमधल्या बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तीन मोठ्या कंपन्यांशी आपला करार झाला आहे. या तिघांकडे मिळून देशातील सुमारे ७० टक्के ब्रॉडबँड ग्राहक होते. ग्राहक कोणती पाने पाहतो ते तपासायचे, त्यावरून त्याच्या आवडीनिवडी ठरवायच्या आणि त्याप्रमाणे जाहिराती दाखवायच्या, अशी योजना होती. तिला ‘वेबवाइज’ असे शहाणपणाचे नाव दिले होते. बनावट संकेतस्थळांपासून ग्राहकांचे संरक्षण होईल, अशी गोड पुरवणीही जोडली होती.

खरा धक्का पुढेच होता. बीटीने ही यंत्रणा ग्राहकांना न विचारता आधीच वापरून पाहिली होती. सप्टेंबर-ऑक्टोबर २००६ मध्ये सुमारे १८,००० ग्राहकांच्या जोडण्यांवर आणि पुन्हा २००७ च्या उन्हाळ्यात तिच्या गुप्त चाचण्या झाल्या. २००७ च्या चाचणीत काही जाणकार ग्राहकांना आपला संगणक एका अनोळखी पत्त्याशी बोलतो आहे असे दिसले. त्यांनी कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा आमच्याकडे असे काही चालू नाही, तुमच्या संगणकातच काही बिघाड असेल, अशा थाटाची उत्तरे मिळाली. ‘द रजिस्टर’ या तंत्रज्ञानविषयक वृत्तपत्राने पिच्छा पुरवला, तेव्हा २००८ मध्ये कंपनीला चाचण्यांची कबुली द्यावी लागली.

कंपन्यांचे समर्थन ऐकण्यासारखे आहे, कारण आजही तेच दिले जाते. ते म्हणत, आम्ही कुणाचे नाव घेत नाही, प्रत्येकाला एक क्रमांक देतो. पाने साठवून ठेवीत नाही, फक्त माणूस कोणत्या गटात बसतो ते लक्षात ठेवतो. शिवाय ज्याला नको असेल त्याने नकार द्यावा. पण हा नकारही ग्राहकाच्या संगणकातल्या एका छोट्या नोंदीवर अवलंबून होता. साफसफाई करताना ती नोंद पुसली गेली, की नकारही पुसला जाई. आणि ज्याला विचारलेच नाही, त्याने २००६ साली नकार द्यायचा तरी कसा?

विरोध मोठ्या सत्तास्थानांतून सुरू झाला नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. साधे ग्राहक, संगणकतज्ज्ञ, कायद्याचे काही अभ्यासक एकत्र आले. पंतप्रधानांच्या संकेतस्थळावरील निषेध-अर्जावर २१,००० हून अधिक सह्या झाल्या. केंब्रिजच्या रिचर्ड क्लेटन यांनी यंत्रणा कशी चालते याचे विश्लेषण एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध केले आणि हा प्रकार बेकायदा संदेश अडवण्यात मोडतो असे मत मांडले. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी, आपल्या जोडणीवर असे झाले तर आपण कंपनी बदलू, असे सांगितले. त्यांनी दिलेले उदाहरण मनात राहते. कर्करोगाविषयी काही वाचले म्हणून उद्या कुणाचा विम्याचा हप्ता वाढायला नको, असा त्यांचा आशय होता.

लंडन शहराच्या पोलिसांनी मात्र सप्टेंबर २००८ मध्ये प्रकरण मिटवले. कंपनीचा गुन्हेगारी हेतू दिसत नाही आणि ग्राहकांची गर्भित संमती होती, असा त्यांचा सूर होता. ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्यात पळवाटही होती. संमती आहे असे मानायला ‘वाजवी कारण’ असले, तरी संदेश अडवणाऱ्याला पुरे होते. युरोपीय आयोगाने हेच पकडले. संमती म्हणजे जाणूनबुजून, मोकळेपणाने, नेमक्या गोष्टीसाठी दिलेली संमती; दुसऱ्याने गृहीत धरलेली नव्हे, अशी भूमिका घेऊन त्याने एप्रिल २००९ मध्ये ब्रिटन सरकारवर कारवाई सुरू केली. सप्टेंबर २०१० मध्ये प्रकरण युरोपीय न्यायालयाकडे नेण्याचा निर्णय झाला. अखेर २०११ साली ब्रिटनने कायदा सुधारला आणि जानेवारी २०१२ मध्ये ते प्रकरण संपले. बीटीने जुलै २००९ मध्येच योजना गुंडाळली होती. गुप्त चाचण्यांबद्दल मात्र कुणावरही खटला झाला नाही; सरकारी वकिलांनी एप्रिल २०११ मध्ये नकार दिला.

आणि फॉर्म? ती दक्षिण कोरियात गेली, ब्राझीलमध्ये गेली, तुर्कस्तानात गेली. जिथे लोक कमी विचारतात तिथे आपला माल खपेल, असा तिचा हिशेब असावा. २०१६ साली तिचा कारभार थांबला.

समुद्रापलीकडे

अमेरिकेत २००८ सालीच नेबूअ‍ॅड नावाच्या कंपनीने असाच घाट घातला. चार्टर या मोठ्या जोडणी कंपनीने मे महिन्यात तिच्याशी हातमिळवणी जाहीर केली. काँग्रेस सदस्यांनी जाब विचारताच जूनमध्ये माघार घेतली. दुसऱ्या एका कंपनीने कॅन्सस राज्यातल्या गार्डनर या गावी सुमारे २६,००० ग्राहकांवर प्रयोग करून पाहिला होता. नेबूअ‍ॅड २००९ मध्ये बंद पडली. पण कल्पना मरत नसते, ती रूप बदलते. व्हेरायझन या मोबाइल कंपनीने २०१२ च्या अखेरीपासून ग्राहकाच्या फोनवरून जाणाऱ्या मागण्यांवर एक कायमचा क्रमांक डकवायला सुरुवात केली. फोनमधून काहीही पुसले तरी तो पुसला जात नसे, कारण तो फोनमध्ये नव्हताच. वाटेत लावला जाई. लोकांना हे कळायला २०१४ चा ऑक्टोबर उजाडला. मार्च २०१६ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने कंपनीला साडेतेरा लाख डॉलरचा दंड केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने नियम केला, की ग्राहकाने काय पाहिले हे जाहिरातीसाठी वापरायचे असेल तर आधी त्याची स्पष्ट परवानगी घ्या. नियम पूर्णपणे लागू होण्याआधीच काँग्रेसने तो रद्द केला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८, प्रतिनिधिगृहात २१५ विरुद्ध २०५ अशी मते पडली आणि ३ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची सही झाली. नकाराचा हक्क असा दोन-चार मतांनी येतो आणि जातो.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सहा मोठ्या जोडणी कंपन्यांच्या कारभाराचा अहवाल काढला. त्यातले एक निरीक्षण आपण थांबून वाचावे असे आहे. काही कंपन्या ग्राहकांची जे गट पाडतात त्यांत वंश, आर्थिक स्थिती, राजकीय कल यांच्या जोडीला धार्मिक श्रद्धाही होती. म्हणजे आपण कोण आहोत हे आपण सांगितले नाही तरी तार सांगते.

आपला संबंध

येथे कुणी म्हणेल, जाहिरातच तर दाखवतात, त्यात एवढे काय? शेरवानी पाहिली तर शेरवानीची जाहिरात येईल, उमरा शोधला तर टूरवाल्याची. आमच्या मते प्रश्न जाहिरातीचा नाही, यादीचा आहे. यादी एकदा झाली की ती कुणाच्या हाती जाईल हे यादी करणारा सांगू शकत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या नियतकालिकाने दाखवून दिले, की नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ या अ‍ॅपमधून वापरणारे कुठे आहेत याची माहिती एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या दलालाच्या ग्राहकांत अमेरिकेच्या लष्कराशी संबंधित कंत्राटदार होते. हे अ‍ॅप जगभर नऊ कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. बातमी येताच अ‍ॅपच्या कंपनीने त्या दलालाशी संबंध तोडले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने त्या दलालाच्या वारसदार कंपनीला प्रार्थनास्थळे, दवाखाने अशा संवेदनशील जागांची माहिती विकण्यास मनाई केली. हे जोडणी देणाऱ्या कंपनीचे प्रकरण नव्हे, हे खरे. पण माहिती व्यापारासाठी गोळा होते आणि पहाऱ्यासाठी विकली जाते, ही वाट एकच आहे. माणूस किब्ला शोधत होता आणि त्याच क्षणी कुणीतरी त्याला शोधत होते.

ज्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जाते त्याला ही किंमत जास्त मोजावी लागते. बर्मिंगहॅममध्ये २०१० साली दोन मुस्लिमबहुल वस्त्यांभोवती २०० हून अधिक कॅमेरे बसवले गेले. रहिवाशांना ते साध्या गुन्ह्यांसाठी असल्याचे सांगितले होते. पैसा दहशतवादविरोधी निधीतून आलेला होता. लोकांनी आवाज उठवल्यावर कॅमेऱ्यांवर पिशव्या चढल्या आणि पुढे ते काढून टाकले गेले. ब्रिटनमध्ये जाऊन वसलेली आपली कोकणी कुटुंबेही अशाच वातावरणात मुले वाढवत आली आहेत. जगाची बातमी समजून घेण्यासाठी एखादा लेख उघडला, तर तो कुठल्या रकान्यात नोंदला जाईल, अशी धास्ती तिथल्या तरुणाला वाटली तर ती अनाठायी म्हणता येत नाही. धास्ती बसली की माणूस वाचणे सोडतो. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे नुकसान हेच.

दार ठोठावण्याचा शिष्टाचार

खासगीपणा ही पश्चिमेकडून आलेली चैन आहे, असे बोलणारे आपल्यात पुष्कळ भेटतात. त्यांनी आपलाच वारसा पुन्हा चाळावा. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये संशय घेणे, दुसऱ्याच्या गोष्टी हुडकत राहणे आणि पाठीमागे निंदा करणे या तिन्हींना एकाच आयतीत मनाई आहे. हुडकण्यासाठी तेथे आलेला शब्द ‘तजस्सुस’ याच धातूतला. ‘जासूस’ही त्याच कुळातला. सूरह नूरमध्ये परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये असे सांगितले आहे. परत जा म्हटले तर परत जावे, असेही. त्याच सूरहमध्ये घरातल्या नोकरांनी आणि मुलांनीही दिवसातल्या तीन वेळी, फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीत आणि इशानंतर, विचारून आत यावे असा शिष्टाचार घालून दिला आहे. एकाच छपराखालीही प्रत्येकाचा एक उंबरठा असतो.

हजरत उमर (र.) यांची एक कथा परंपरेत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत ओलांडून आत गेले आणि आतल्या माणसाला गैरकृत्य करताना त्यांनी पकडले. तो माणूस म्हणाला, मी एक चूक केली असेल, आपण तीन केल्या. आपण हेरगिरी केली, दाराने न येता भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता, सलाम न करता शिरलात. खलिफा निरुत्तर झाले आणि परत फिरले. कथेच्या तपशिलात फरक आढळतात. पण पिढ्यान्‌पिढ्या ती सांगितली गेली, यातच तिचा अर्थ आहे. राज्यकर्त्यालाही भिंतीवरून येण्याचा अधिकार नाही. मग व्यापाऱ्याला तो कुठून आला?

हा वारसा सांगताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या घरांत ‘पर्दा’ हा शब्द बाईच्या वाट्याला येतो आणि खासगीपणा पुरुषाच्या. मुलीच्या फोनची झडती घेणे हा भावाचा हक्क समजला जातो. सुनेने कुणाला फोन केला हे सगळ्या घराला माहीत असते. खुला म्हणजे काय, पोटगी कुठे मागायची, मन सतत खचते त्यावर कोणता डॉक्टर, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, हे एखादी मुलगी रात्री चोरून शोधत असेल, तर तिला कंपनीच्या आधी घराची भीती वाटते. तजस्सुसची मनाई फक्त परक्यांसाठी नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच आठवड्यात दोन निकाल दिले. २२ तारखेला शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरला. २४ तारखेला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. न्यायमूर्ती अब्दुल नजीर दोन्ही पीठांवर होते. पहिल्या निकालावर आपल्या मोहल्ल्यांत, मासिकांत, व्यासपीठांवर वर्षभर वाद झाला. दुसऱ्यावर जवळजवळ कुणी बोलले नाही. खरे तर आपल्या आहाराचा, पेहरावाचा, विवाहाचा, वाचनाचा प्रश्न जितका पहिल्या निकालात होता तितकाच दुसऱ्यातही होता.

आपल्या देशातली स्थिती

भारतातही तारेत हात घालण्याचे प्रकार घडले. जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला आढळले, की एअरटेलच्या जोडणीवरून पाहिलेल्या पानांत कंपनीच्या बाजूने एक संगणकीय आज्ञावली घुसवली जात आहे. ग्राहकांना किती डेटा वापरला ते कळावे यासाठीची ती चाचणी होती, असे कंपनीने सांगितले. ज्या इस्रायली कंपनीची ती आज्ञावली होती, तिने मात्र ती उघड करणाऱ्या तरुणालाच कायदेशीर नोटीस धाडली. भिंतीवरून आलेल्याने घरमालकाला जाब विचारावा, तसा हा प्रकार.

पुट्टस्वामी निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कायदा टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. संमती मोकळी, नेमकी, माहिती देऊन घेतलेली आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, असे तो म्हणतो. ही चांगली गोष्ट आहे; युरोपीय आयोगाने ब्रिटनकडे हेच मागितले होते. पण दोन उणिवा आम्हांला डाचतात. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मोठी वाट ठेवली आहे. आणि २०१९ च्या विधेयकात धार्मिक व राजकीय श्रद्धेची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी राखली होती. ते वर्गीकरणच २०२३ च्या कायद्यात नाही. युरोपच्या कायद्यात धर्माच्या माहितीला वेगळे कुंपण आहे. आपल्या कायद्यात बुटाचे माप आणि माणसाचा मजहब एकाच पिशवीत आहेत. मुस्लिम संघटनांनी, वकिलांनी, संपादकांनी हा मुद्दा जितक्या जोराने मांडायला हवा होता तितका मांडला नाही.

तंत्राने काही बाबतीत आपल्याला मदत केली आहे, हेही सांगायला हवे. २०१५ नंतर संकेतस्थळांना कुलूप लावणे फुकट आणि सोपे झाले आणि आज बहुतेक पाने कुलूपबंद असतात. त्यामुळे जोडणी देणाऱ्या कंपनीला पानावरचा मजकूर दिसत नाही. पण कोणत्या संकेतस्थळावर गेलो, केव्हा गेलो, किती वेळ होतो, हे बहुधा कळते. पत्र पाकिटात गेले. पत्ता बाहेरच राहिला. एखादी स्त्री मध्यरात्री तीनदा कौटुंबिक छळाविषयीच्या संस्थेच्या संकेतस्थळावर गेली, तर आतले एक अक्षरही न वाचता बाकीचे समजते. मधे आणखी एखादी आडवाट घेतली, तर विश्वास एका कंपनीवरून दुसरीवर जातो, एवढेच. भारतात तर एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने अशा आडवाटा पुरवणाऱ्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायला सांगितले आहे. कुलूप चांगले असले तरी कायद्याची जागा ते घेऊ शकत नाही.

इतिहास आपल्याला काय सांगतो? १८४४ साली गुप्त कार्यालय आपणहून बंद झाले नाही. एका निर्वासिताने खसखस घालून पाहिली आणि पार्लमेंटाला प्रश्न विचारला गेला. २००८ साली बीटीला उपरती झाली नाही. आपला संगणक कुणाशी बोलतो हे काही ग्राहकांनी चिकाटीने तपासले आणि एकवीस हजारांनी सह्या केल्या. अमेरिकेत नियम झाला आणि दुसऱ्या वर्षी गेला, कारण त्याच्या पाठीशी पुरेसे लोक उभे नव्हते. जोडणी घेताना फॉर्मवर सही करण्याआधी माझी माहिती कशासाठी वापरणार, हे लेखी विचारावे. नको त्या संमतीला नकार द्यावा. उत्तर आले नाही तर तक्रार करावी. आपले तरुण वकील आणि संगणक शिकलेली मुले-मुली यांनी मोहल्ल्यातल्या लोकांना एवढे समजावून दिले तरी मोठे काम होईल. आणि हे समजावताना सुरुवात आपल्या घरातल्या मुलीच्या फोनपासून करावी. जो आपल्या घरात दार ठोठावून आत जातो, तोच बाहेरच्या कंपनीला आणि सरकारला दार ठोठावायला सांगू शकतो.